रँग्लर, गाईड आणि चॅटजीपीटी

रँग्लर परांजपे हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. आमच्या घरात तर गणितात दोन मार्क जास्त पडले की "मोठा रँग्लर लागून गेलास!" हे ठरलेलं वाक्य. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले (पहिला क्रमांक त्या वर्षी दोघांत विभागून होता) आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पण रँग्लर या शब्दाचा मूळ अर्थ काय? तर हुज्जत घालणारा. आता गणितात पहिल्या येणाऱ्या माणसाला हुज्जतखोर का म्हणायचं?

कारण केंब्रिजमधली परीक्षा एके काळी तोंडी असे. तीही लॅटिनमध्ये. विद्यार्थ्याने एक मत मांडायचं, समोरच्यांनी ते खोडून काढायचा प्रयत्न करायचा, आणि या वादात जो टिकेल तो हुशार. अठराव्या शतकात हळूहळू कागदावरची परीक्षा आली, एकोणिसाव्या शतकात तोंडी वाद बंद पडला. नाव तेवढं मागे राहिलं. परांजप्यांनी कुणाशी हुज्जत घातली नाही, मुकाट्याने पेपर सोडवले.

हे आत्ताच सुचायचं कारण म्हणजे आमची स्टाफरूम. गेली दोन-तीन वर्षं तिथे एकच विषय चालू आहे. मुलं असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून आणतात, करायचं काय? मी इतिहास शिकवते, त्यामुळे मला "करायचं काय" च्या आधी "हे इथवर आलं कसं" असा प्रश्न पडतो. भाच्याने फोनवर विचारलं होतं, "मावशी, तुम्हाला कळतं तरी का?" त्याला म्हटलं, फोनवर सांगण्यासारखं नाही, लिहीनच. तर घे, हे लिहिलं.

लेखी परीक्षा आली ती न्यायासाठी. चीनमध्ये सरकारी नोकऱ्यांसाठी शेकडो वर्षं परीक्षा होत. १९०५ साली ती पद्धत बंद झाली. साधारण हजार वर्षांपूर्वी, सुंग राजवटीत, तिथे दोन युक्त्या निघाल्या. पहिली, उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायचं. पण अक्षरावरून माणूस ओळखता येतोच, म्हणून दुसरी : कारकुनांकडून सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा लिहून घ्यायच्या आणि परीक्षकाच्या हाती ती नक्कलच द्यायची. गंमत बघा, लबाडी रोखण्यासाठी सरकारनेच नकला करून घेतल्या!

इंग्रजांना हा चिनी नमुना ठाऊक होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या वरच्या नोकऱ्या तोवर डायरेक्टरांच्या वशिल्याने मिळत. १८५३ च्या कायद्याने ते थांबलं, १८५५ पासून लंडनला स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर त्यातून निवडले गेले. वशिल्याच्या काळात हे होणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे बोर्डाच्या पेपरवर आजही नाव लिहायचं नसतं, बैठक क्रमांक लिहायचा. तपासणाऱ्याला आडनाव कळता कामा नये. आपल्याकडे एक आडनाव कळलं की पाठोपाठ काय काय कळतं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणजे लेखन आणि लिहिणारा यांची ताटातूट आपण जाणूनबुजून केली. ती चांगल्या कारणासाठी केली आणि तिने पुष्कळांचं भलंही झालं. पण समोर कागद आहे आणि माणूस नाही, अशी जागा एकदा तयार झाली की त्या फटीतून कोणीही आत येऊ शकतं. आधी कॉपी आली, मग गाईड आलं, आता हे यंत्र आलंय.

गाईडला आपण चोरी कधी म्हटलंच नाही. निबंध गाईडमधला, उत्तरं गाईडमधली, आणि जितकं हुबेहूब लिहाल तितके मार्क जास्त. (इंजिनियर मंडळींनी हसू नये. काचेखाली बल्ब लावून ड्रॉइंगं कुणी छापली आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलं कुणी उतरवली, ते मला नावानिशी ठाऊक आहे.) मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर "पुस्तकात असं नाहीये" म्हणून अर्धा मार्क कापणारे आम्हीच.

स्वतःचं लिहिण्याची किंमत तर पार सुरुवातीपासूनच मोजावी लागली आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं, १८६२ साली पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यात महादेव गोविंद रानडे होते. रानड्यांनी विद्यार्थी असताना एका निबंधात मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना केली आणि झुकतं माप मराठ्यांना दिलं. एल्फिन्स्टनचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. पुस्तकातलं उतरवलं असतं तर शिष्यवृत्ती चालू राहिली असती!

आणि गोखले? गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. घरी दिलेली गणितं सगळी बरोबर आली म्हणून मास्तरांनी शाबासकी दिली, तर हा मुलगा रडायला लागला, कारण एका गणितात दुसऱ्याची मदत घेतली होती. ही गोष्ट नेहमी गोखल्यांच्या प्रामाणिकपणासाठी सांगतात. (याच गोखल्यांचं अंकगणिताचं पुस्तक पुढे शाळाशाळांतून चाललं, हा आणखी एक मजेशीर भाग.) मला मात्र हल्ली त्यातले मास्तर आठवतात. त्यांनी उत्तरं बघितली आणि शाबासकी देऊन टाकली. "कसं केलंस रे?" एवढं विचारलं असतं तर पोराला रडावं लागलं नसतं.

आता यंत्राकडे वळू. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी आमच्याकडे चोरी पकडायची पद्धत होती ती साम्य मोजण्याची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पीएचडीच्या प्रबंधासाठी टक्केवारी ठरवून दिली आहे : १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण हे यंत्र कुठलं उतरवत नाही, दर वेळी नवी वाक्यं जुळवतं. साम्य कशाशी मोजणार?

मग "हे यंत्राने लिहिलंय" असं सांगणारी यंत्रं आली. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक काढलं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याने ओळखला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर उगाच यंत्राचा शिक्का मारला. जुलैत त्यांनी ते गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के वेळा साधनांनी ते यंत्राचे ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले. कारण साधंच आहे. पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका मजकूर यंत्राचा, असा यांचा हिशेब. परक्या भाषेत लिहिणारा माणूस मोजक्या शब्दांत, ठरीव वाक्यांत लिहितो. दुसरं तो करणार काय?

हे मी वर्तमानपत्रात वाचून सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात एका मुलीवर हाच शिक्का बसला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात पदवीला आलेली पहिलीच. इंग्रजीतल्या असाइनमेंटला सॉफ्टवेअरने यंत्राची ठरवलं आणि शून्य मार्क मिळाले. प्रकरण समितीपुढे आलं, समितीत मी होते. तिला बसवलं, म्हटलं मराठीतच सांग काय लिहिलंयस. विषय १९७२ चा दुष्काळ. मिलो कसा यायचा, खडी फोडायच्या कामावर सुकडी कशी मिळायची, आजीने सांगितलेलं सगळं ती वीस मिनिटं बोलत होती. कच्ची वही घेऊन आली होती, खाडाखोडीने भरलेली. इंग्रजी वाक्यं गाईडच्या वळणाची, हे खरं. मार्क परत मिळाले. जाताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम, मग पुढच्या वेळी मी थोड्या चुका करून लिहू का?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्याच समितीपुढे दुसरा एक मुलगा आला. बोलण्यात पटाईत, छान इंग्रजी, घरातलं वातावरण तसं. पाच मिनिटांत त्याने आम्हा तिघांना खिशात घातलं. त्याने स्वतः एक ओळ तरी लिहिली होती का, याची मला आजही खात्री नाही.

म्हणून "तोंडी घ्या, प्रश्न मिटला" असं जे सध्या सगळे म्हणतात, तिथे माझं घोडं अडतं. तोंडी परीक्षा हवीच, दुसरा रस्ता मला दिसत नाही. पण तोंडीला चेहरा येतो, कपडे येतात, "ण" आणि "न" येतो, आडनावही येतं. जे झाकायला ती चिनी कारकून मंडळी रात्रंदिवस खपत होती, ते सगळं पुन्हा टेबलावर. लाजरी पोर गप्प बसते, आणि गप्प बसणं म्हणजे चोरी नव्हे हे परीक्षकाला पटवणार कोण?

या सत्रात मी थोडे बदल केलेत. सॉफ्टवेअरचा आकडा बघायचा नाही, हे पहिलं. असाइनमेंट मराठीत की इंग्रजीत, ज्याची त्याने ठरवायची. विषय घरातला किंवा गावातला : आजोबांचा सातबारा, गावची बंद पडलेली गिरणी, रोजगार हमीवर झालेला पाझर तलाव. पक्क्या प्रतीबरोबर कच्ची वही जोडायची. यंत्राला काही विचारलं असेल तर काय विचारलं ते वहीत लिहायचं, त्याचे मार्क कापायचे नाहीत. आणि मग तोंडी. त्यात विषयाबद्दल कमी विचारायचं, वहीबद्दल जास्त. ही ओळ का खोडलीस? आजीला हे विचारायचं कसं सुचलं? लाजरी पोरंसुद्धा वहीवर बोट ठेवलं की बोलायला लागतात, असा माझा अनुभव.

मुलं त्रेपन्न आहेत. प्रत्येकाला दहा मिनिटं धरली तरी नऊ तास होतात, आणि वेळापत्रकात त्यासाठी एकही तास नाही. शनिवारच्या दुपारी धरल्यात. आणि मी एकटी बसणार नाहीये, वर्गाला न ओळखणारं कुणीतरी शेजारी हवं, म्हणून भूगोलाच्या सरांना विचारलंय. ते चहा-भजीच्या अटीवर तयार झालेत.