पित्तनलिकेतील खडा : पोट न उघडता सापडलेली वाट

१/ यकृतात तयार होणारे पित्त एका अरुंद नलिकेतून लहान आतड्यात उतरते. त्या नलिकेत खडा अडकला की पित्त तुंबते. पोटात कळा, थंडीताप आणि कावीळ ही तीन लक्षणे फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्ये एकत्र नोंदवली. रोग ओळखता येऊ लागला. खड्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न उरला.

२/ १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी रुग्णाचे पित्ताशयच काढून टाकले. नलिकेतील खडा मात्र त्याहून अवघड जागी. १८९० मध्ये बासेलच्या लुडविग कूर्व्हॉझिए यांनी नलिका चिरून तो काढला. पुढची सुमारे आठ दशके हाच मुख्य उपाय होता. वृद्ध, अशक्त रुग्णांना तो सोसवतोच असे नव्हते.

३/ या नलिकेचे तोंड आतड्यात उघडते आणि आतड्यापर्यंत घशातून जाता येते. १९६८ मध्ये अमेरिकन शल्यविशारद विल्यम मॅक्यून यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने त्या तोंडात बारीक नळी घातल्याचे प्रसिद्ध केले. नळीतून रंगद्रव्य सोडले की क्ष-किरण चित्रात नलिका दिसे. खडा मात्र आतच राही, कारण नलिकेच्या तोंडाशी स्नायूंचे घट्ट कडे असते.

४/ १९७३ च्या सुमारास जर्मनीत एर्लांगेन येथे क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये क्योतो येथे कावाई यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, विजेच्या तारेने ते कडे आतूनच छेदले. आता खडा तारांच्या जाळीत धरून आतड्यात ओढता येऊ लागला. रक्तस्राव आणि स्वादुपिंडाचा दाह हे धोके होते, आजही आहेत. पण पोटावर एकही छेद नव्हता.

५/ खडे जिथे बनतात ते पित्ताशय मागेच राही. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील एरिश म्यूहे यांनी तेही दुर्बिणीने काढले. पुढच्याच वर्षी जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांची उपेक्षा झाली. १९९२ मध्ये त्याच संस्थेने त्यांचा गौरव केला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली.

६/ आज अनेक रुग्णांत नलिकेतील खडा तोंडावाटे आणि पित्ताशय पोटावरील लहान छिद्रांतून काढतात. कूर्व्हॉझिए यांची शस्त्रक्रिया कालबाह्य झालेली नाही. इतर उपाय थकतात तेव्हा शल्यविशारद आजही तिच्याकडेच वळतात.