पावसाचे माप



दळणाला पायली आणि दुधाला माप लावणाऱ्या आपण बायका पावसाला मात्र ‘फार’ नाहीतर ‘बेताचा’ एवढेच म्हणतो. वास्तविक पाऊस मोजण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठारात हातभर रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा, असे सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापेही तेथे दिली आहेत. अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा पाऊस ‘अमित’ म्हटला आहे. आपल्या पावसापुढे त्या काळीही मापे थकली म्हणायची!

पुढे इंग्रजी अमदानीत १८२६ साली कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली आणि १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. तालुक्याच्या कचेऱ्यांत पर्जन्यमापके बसली. त्यांतला एक प्रकार सायमन्स या इंग्रज गृहस्थाच्या नावाने ओळखला जातो. या गृहस्थाने १८६० पासून आपल्या देशात बिनपगारी पाऊस मोजणाऱ्यांचा मेळावा जमवला. त्यात स्त्रियाही होत्या. आपल्याकडे १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात अन्ना मणी रुजू झाल्या आणि हवामानाची यंत्रे देशातच घडावीत म्हणून त्या झटल्या. हे वाचून मला फार अभिमान वाटला.

परंतु पावसाच्या मापाची किंमत मला कळली ती २६ जुलै २००५ रोजी. दुपारी आमच्याकडे पाऊस नुसता कोसळत होता. ह्यांचे काम फोर्टात. ह्यांनी फोन करून सांगितले, “इथे विशेष काही नाही, निघतो मी.” ते घरी आले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मानखुर्दकडून खाडीपुलावरून चालत. ती रात्र मी देवापुढे बसून काढली.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर सांताक्रूझला तेवढ्याशा जागेवर साठाहून अधिक हंडे ओतले गेले आणि कुलाब्याला जेमतेम पाच! म्हणजे ह्यांचे बोलणे खोटे नव्हते. शहर एक असले तरी पाऊस एक नव्हता. अमेरिकेत कोलोरॅडो प्रांतातील फोर्ट कॉलिन्स गावीही २८ जुलै १९९७ रोजी असेच झाले. एका बाजूस महापूर, दुसरीकडे बेताचा पाऊस. पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर तेथे १९९८ पासून घरोघरीच्या लोकांनी आपल्या अंगणात पाऊस मोजून कळवण्याचा परिपाठ सुरू केला.

आपल्या राज्यातही आता महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे आली आहेत. पण नगरकडील हिवरे बाजार गावाने पावसाचे माप आपल्या संसारात आणले. तेथे पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिके ठरवतात. आपण घरखर्चाची वही लिहितो, तसेच हे.

मी सातवीपर्यंत शिकलेली. तरी गेली काही वर्षे गच्चीवर उघड्या जागी, भिंतीपासून दूर, सरळ बाजूंची, सपाट बुडाची बरणी ठेवते. सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजते, वहीत तारीख घालून लिहिते आणि बरणी रिकामी करते. हवामान खात्याचीही मोजण्याची वेळ हीच. प्रथम घरचे हसले, आता पाऊस लागला की, “आज किती?” म्हणून तेच विचारतात.

आपण मोरबे धरण भरले का, म्हणून रोज वर्तमानपत्र उघडतो. मग आपल्या दारचा पाऊस का मोजू नये? वाशी, नेरूळ, बेलापूर येथील आपल्या दहा भगिनींनी एकेक बरणी ठेवली, तर कोठे किती पडला हे आपल्याला एकमेकींना सांगता येईल, आणि घराबाहेर असलेल्या माणसाला वेळेवर म्हणता येईल, “आज निघू नका, तिथेच थांबा.” त्या दुपारी मला एवढेच सांगता आले असते, तर!