विमानातील ऑक्सिजन यंत्रणेत बिघाड झाला तर? वैमानिक आणि इंजिनीअर यांच्यात वाद का होतात?

विमान उडण्यापूर्वी हवाई सुंदरी पिवळा मास्क दाखवते, तो प्रवाशांसाठी असतो. कॉकपिटमधल्या वैमानिकांचा मास्क वेगळा, त्याला ऑक्सिजन पुरवणारी यंत्रणा वेगळी आणि ती बिघडली तर होणारे परिणामही वेगळे. प्रवाशाचा मास्क चालला नाही तर एका माणसाचा जीव धोक्यात येतो. वैमानिकाचा चालला नाही तर विमानातल्या प्रत्येकाचा. त्यामुळे उड्डाणापूर्वी ऑक्सिजनच्या एका आकड्यावरून कॅप्टन आणि देखभाल करणारा इंजिनीअर यांच्यात जुंपते, तेव्हा ती नुसती कटकट नसते.

वैमानिकांचा ऑक्सिजन कुठून येतो?

बहुतेक विमानांत प्रवाशांच्या डोक्यावर छोटे रासायनिक जनरेटर असतात. मास्क ओढला की त्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि साधारण १२ ते १५ मिनिटे ऑक्सिजन मिळतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान १० हजार फुटांच्या आसपास आणायचे असते.

वैमानिकांसाठी मात्र उच्च दाबाचा सिलिंडर असतो. पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब २१ अंश सेल्सियसला साधारण १८५० पीएसआय असतो. गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय असतात, त्यावरून अंदाज यावा. सिलिंडरपासून नळी निघते, दाब कमी करणारा रेग्युलेटर येतो आणि मग प्रत्येक वैमानिकाच्या बाजूला एका पेटीत घडी घालून ठेवलेला मास्क. दोन लाल चिमटे दाबून तो बाहेर ओढला की त्याचे पट्टे ऑक्सिजनच्या दाबाने फुगतात. डोक्यावर चढवून चिमटे सोडले की घट्ट बसतो. हे सगळे एका हाताने आणि पाच सेकंदांत जमले पाहिजे, असा नियम आहे.

पाचच सेकंद का? ३५ हजार फुटांवर केबिनमधला दाब अचानक गेला तर माणूस शुद्धीत राहून काही उपयोगाचे काम करू शकेल असा वेळ साधारण अर्धा ते एक मिनीट. ४० हजार फुटांवर १५ ते २० सेकंद. शिवाय ऑक्सिजन कमी पडू लागल्यावर माणसाला त्रास होतोच असे नाही. उलट अनेकांना छान, हलके वाटते, आत्मविश्वास वाढतो आणि साधी बेरीज चुकते. आपले चुकते आहे हे कळणारी यंत्रणा म्हणजे मेंदू, आणि तोच आधी मंदावतो.

मग भांडण कशावरून?

सर्वाधिक वेळा दाबावरून. समजा, नागपूरला मे महिन्याच्या दुपारी ४४ अंशांत मीटरवर दोन हजारांच्या जवळ आकडा दिसतो. तेच विमान रात्रभर एखाद्या थंड विमानतळावर उभे राहिले आणि पहाटे पारा शून्यावर आला, तर तोच सिलिंडर १७२०च्या आसपास दाखवेल. एक थेंबही गळती झालेली नसते. थंड झालेल्या वायूचा दाब कमी होतो, हा शाळेतल्या भौतिकशास्त्राचा नियम. कॅप्टनला मात्र एवढेच दिसते की काल दोन हजार होते, आज नाहीत. तो म्हणतो गळती आहे, इंजिनीअर म्हणतो थंडी आहे. दोघेही बरोबर असू शकतात, कारण थंडीने झालेल्या घटीमागे छोटी गळती सहज लपते. यावर उपाय म्हणून तापमानानुसार दाबाचा तक्ता असतो. अडचण अशी, की तक्रार लिहिताना तापमान लिहिलेच नसेल तर तक्ता कामाचा नाही. ‘ऑक्सिजन कमी’ एवढे दोन शब्द लिहून वैमानिक निघून जातो, ही इंजिनीअरांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

दुसरा मुद्दा माणसांचा. किमान किती दाब हवा, हे कॉकपिटमध्ये किती जण बसणार यावर ठरते. दोन वैमानिकांसाठी पुरेसा असलेला ऑक्सिजन मागच्या खुर्चीत तिसरा माणूस बसला तर अपुरा ठरू शकतो. म्हणजे इंजिनीअरने ‘ठीक’ म्हणून सही केलेले विमान, शेवटच्या क्षणी तपासनीस किंवा प्रवास करणारा दुसरा वैमानिक येऊन बसला, की नियमात बसत नाही. यात कोणाचीच चूक नसते, पण उशीर होतो आणि त्याचे कारण कोणाच्या खात्यावर टाकायचे यावरून दोन विभागांत कागदी लढाई सुरू होते.

बंद व्हॉल्व्हचा सापळा

सर्वांत घातक गोष्ट मीटरवर दिसतच नाही. सिलिंडर बदलला किंवा नळीवर काम केले की इंजिनीअर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करतो. काम झाल्यावर तो पूर्ण उघडायचा राहिला, तरी नळीत अडकलेला दाब तसाच राहतो. त्यामुळे मीटर चांगला आकडा दाखवू शकतो. वैमानिकाने मास्क तपासण्याचे बटण क्षणभर दाबले तर फुस्स असा आवाजही येतो. सगळे ठीक वाटते. प्रत्यक्षात मास्कमध्ये काही श्वासांपुरताच ऑक्सिजन असतो.

म्हणूनच बोइंग ७३७च्या तपासणीत बटण पाच सेकंद दाबून धरायचे आणि त्याच वेळी मीटरकडे बघायचे असते. दाब १०० पीएसआयपेक्षा जास्त उतरला, झरकन खाली आला किंवा खाली येऊन हळूहळू परत वर चढला, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाही असे समजायचे. पाच सेकंद ही फार मोठी गोष्ट नाही. तरीही घाईच्या वेळापत्रकात सर्वांत आधी काटछाट होते ती अशाच सेकंदांवर.

ऑक्सिजनच्या कामाला इंजिनीअरही घाबरून असतात, हेही सांगायला हवे. उच्च दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनजवळ तेल-ग्रीस चालत नाही. हाताला लागलेला वंगणाचा डागही आग लावू शकतो. व्हॉल्व्ह झटक्याने उघडायचा नसतो. गळती शोधायची तर सांध्यांवर खास द्रव लावून बुडबुडे बघत बसावे लागते. दोन उड्डाणांच्या मधल्या तीस-चाळीस मिनिटांत हे नीट होत नाही. मग टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, ‘तपासले, बिघाड आढळला नाही’ अशी ओळ येते. तीच तक्रार तीन दिवसांत तिसऱ्यांदा आली आणि तिसऱ्यांदा हेच उत्तर मिळाले, तर कॅप्टनचा भडका उडतो. विमान स्वीकारायचे की नाही, हा अंतिम निर्णय त्याचा असतो. पण नकार दिला तर व्यवस्थापनाचा फोनही त्यालाच येतो.

हेलिऑस ५२२: एक तक्रार, एक तपासणी, एक खटका

कॉकपिट आणि देखभाल विभाग यांच्यातली फट किती जीवघेणी ठरू शकते, याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण १४ ऑगस्ट २००५चे. सायप्रसच्या हेलिऑस एअरवेजचे बोइंग ७३७ लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघाले होते. आदल्या उड्डाणातल्या कर्मचाऱ्यांनी मागच्या दाराच्या सीलवर बर्फ साचल्याची आणि आवाज येत असल्याची तक्रार नोंदवली होती. रात्री इंजिनीअरने दाबाची गळती तपासली. त्यासाठी केबिनचा दाब नियंत्रित करणारा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर न्यावा लागतो. काम झाले, गळती आढळली नाही, विमान सोडले गेले. खटका मॅन्युअलवरच राहिला.

सकाळी वैमानिकांनी उड्डाणापूर्वीच्या तपासण्या केल्या, पण खटक्याची जागा त्यांच्या लक्षात आली नाही. सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी विमान उडाले आणि पाच-साडेपाच मिनिटांत भोंगा वाजू लागला. त्या विमानात केबिनच्या दाबाचा इशारा आणि जमिनीवर उड्डाणाची मांडणी चुकल्याचा इशारा यांसाठी एकच भोंगा होता. वैमानिकांना तो दुसराच वाटला. मास्क लावायचे सोडून कॅप्टन कंपनीच्या तळाशी बोलू लागला, उपकरणे थंड ठेवणाऱ्या यंत्रणेबद्दल विचारू लागला. पलीकडे बोलत होता तो रात्री विमान तपासणारा इंजिनीअरच. दाबाचा खटका ऑटोवर आहे का, असे आपण विचारल्याचे त्याने नंतर सांगितले. कॅप्टनने त्याला उत्तर न देता सर्किट ब्रेकर कुठे आहेत हे विचारले. कंपनीच्या वाहिनीवरचे हे बोलणे ध्वनिमुद्रित झाले नव्हते आणि कॉकपिटच्या यंत्रात फक्त शेवटची ३० मिनिटे शिल्लक होती.

थोड्याच वेळात कॉकपिट गप्प झाले. विमान ३४ हजार फुटांवर ऑटोपायलटवर उडत राहिले. ग्रीसच्या एफ-१६ विमानांना उजव्या खुर्चीत कोसळलेला सहवैमानिक दिसला, डावी खुर्ची रिकामी होती. शेवटी केबिन कर्मचारी आंद्रेआस प्रोद्रोमू कॉकपिटमध्ये पोहोचला. त्याच्याकडे छोट्या विमानाचा परवाना होता, पण इंधन संपत आले होते. दुपारी १२च्या सुमारास विमान ग्रामातिकोजवळ डोंगरावर आदळले. १२१ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

ग्रीक तपास अहवालाने थेट कारणांत वैमानिकांच्या तपासण्या आणि न ओळखलेला इशारा मांडला. खटका ऑटोवर परत न नेणे हा पूरक घटक ठरवला. पण न्यायालयात प्रश्न पुन्हा उघडला. ग्रीसमध्ये २०१२ मध्ये चौघांना दोषी ठरवले, त्यात इंजिनीअरही होता. अपिलात तो सुटला. सायप्रसमध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांची निर्दोष मुक्तता झाली. एकच अपघात, दोन देश, दोन निकाल.

भारतातही अशी चूक झाली आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजचे मुंबई-जयपूर विमान १७१ जणांसह उडाले. इंजिनाची हवा केबिनमध्ये सोडणारे खटके सुरूच केले गेले नव्हते. मास्क खाली पडले, अनेक प्रवाशांच्या नाकातून रक्त आले, काहींचे कान दुखावले. विमान मुंबईला परतले. प्रवाशांनी काढलेले मास्कमधले व्हिडिओ त्या दिवशी सगळीकडे फिरत होते.

ऑक्सिजनच आग भडकवतो तेव्हा

ऑक्सिजन कमी पडणे हा एक धोका. गळणे हा दुसरा. २९ जुलै २०११ रोजी कैरोच्या विमानतळावर उभ्या असलेल्या इजिप्तएअरच्या बोइंग ७७७च्या कॉकपिटमध्ये आग लागली. ती सहवैमानिकाच्या मास्कच्या नळीजवळून सुरू झाली होती. नळी चेपू नये म्हणून आत धातूची स्प्रिंग असते. विजेच्या बिघाडाने ती तापली असावी, असा निष्कर्ष निघाला. प्रवासी बाहेर पडले, सगळे बचावले. त्यानंतर अमेरिकी नियामकाने वीज वाहून न नेणाऱ्या नळ्या बसवण्याचा आदेश काढला.

१९ मे २०१६ रोजी त्याच कंपनीचे ए३२० पॅरिसहून कैरोला येताना भूमध्य समुद्रात कोसळले. ६६ जण गेले. इजिप्तच्या तपासयंत्रणेचे म्हणणे स्फोटकांचे. फ्रान्सच्या तपासयंत्रणेने ते मान्य केले नाही; तिच्या मते कॉकपिटमध्ये आग लागली आणि सहवैमानिकाच्या मास्कमधून गळणाऱ्या ऑक्सिजनने ती भडकवली. फ्रेंच न्यायालयीन तज्ज्ञांच्या अहवालातील तपशील २०२२ मध्ये माध्यमांत आले. त्यांनुसार तो मास्क अपघाताच्या तीनच दिवस आधी देखभालीत बदलला होता. कॉकपिटमधली पेटती सिगारेट हे आगीचे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. इजिप्तचा अंतिम अहवाल २०२४ मध्ये आला, तो स्फोटकांवरच ठाम राहिला. मास्क बदलणाऱ्याचे काम चुकले होते का, यावर दोन देशांच्या तपासात मेळ बसलेला नाही.

‘रिकामे’ असे लिहिलेली खोकी

कागदावरची सही आणि प्रत्यक्ष काम यांतल्या अंतराचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतला. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेटचे डीसी-९ मायामीजवळच्या एव्हरग्लेड्स दलदलीत कोसळले, ११० जण ठार झाले. सामानाच्या कप्प्यात दुसऱ्या विमानांतून काढलेले ऑक्सिजन जनरेटर होते. ते चुकून सुरू होऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकची टोपणे लावायला हवी होती. टोपणे हाताशी नव्हती. तरीही कामाच्या कार्डावर टोपणे लावल्याची सही झाली आणि पाठवणीच्या कागदावर हे डबे रिकामे असल्याचे लिहिले गेले. ते भरलेले होते. देखभाल करणाऱ्या सेबरटेक कंपनीवर फौजदारी खटला चालला, तर वैयक्तिक आरोपाखाली उभे केलेले कर्मचारी ज्युरीने सोडून दिले.

प्रवाशांच्या मास्कबद्दल एक शेवटची माहिती, कारण मुंबई-जयपूरच्या व्हिडिओंनंतर हीच शंका सर्वाधिक विचारली जाते. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, मास्क काढू नये. आणि जनरेटरच्या मास्कमधून जळका वास आला तर घाबरू नये. रासायनिक क्रियेत डबा तापतो, त्याचा तो वास असतो.