ललिता बाबर : निकालपत्रकांच्या साक्षीने

ललिता बाबरची गोष्ट वर्तमानपत्रांत वाचावी, तर ती माणदेशात सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच घुटमळते. माण तालुक्यातले मोही गाव, शेतकऱ्याचे घर, पाठ फिरवणारा पाऊस आणि पुढे चिकटलेले ‘माणदेशी एक्सप्रेस’ हे बिरुद. यात खोटे काही नाही. पण साताऱ्याच्या माण-खटावपासून सांगलीच्या आटपाडीपर्यंतचा सगळा पट्टा पर्जन्यछायेत आहे. नुसत्या दुष्काळाने धावपटू घडत असते, तर एकट्या आटपाडीने ऑलिंपिकचे पथक भरले असते. म्हणून गाव थोडा वेळ बाजूला ठेवून स्पर्धांचे निकाल तारखेवार लावून पाहू.

सुरुवातीलाच एक रूढ विधान तपासावे लागते. ललिताने २०१४ च्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत सलग तिसऱ्यांदा जिंकली आणि मग ती तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळली, असे सगळीकडे लिहिलेले असते. ‘वळली’ म्हणजे मॅरेथॉन सोडली, असा अर्थ आपण आपसूक घेतो. निकाल मात्र वेगळे सांगतात. १८ जानेवारी २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ओ. पी. जैशाने २ तास ३७ मिनिटे २९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि भारतीय महिलांत तिच्यामागे दुसरी आली ती ललिता, २:३८:२१ अशा वेळेत. तिसरी सुधा सिंग. म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धेत स्टीपलचेसचे पदक मिळाल्यानंतर चार महिन्यांनी ती पुन्हा बेचाळीस किलोमीटर धावत होती, आणि तेही जागतिक स्पर्धेची पात्रता मिळवण्याइतक्या वेगाने. अशी जोड सहसा दिसत नाही. स्टीपलचेसमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असतात. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटीमीटर, आणि तो आडवा दांडा हर्डलसारखा धक्क्याने पडत नाही. लय चुकली की पडते ती धावपटूच.

आता पदकाची ती शर्यत. इंचॉन, २७ सप्टेंबर २०१४. इथे त्या दिवशीची बातमी आणि अंतिम निकाल जुळत नाहीत. शेवटच्या अडथळ्यानंतर आखणीच्या आत पाय टाकला म्हणून पहिली आलेली बहरीनची रूथ जेबेट बाद ठरली होती. त्या हिशेबाने ललिताला रौप्य आणि सुधाला कांस्य. पुढे बहरीनची दाद मान्य झाली आणि जेबेटचे सुवर्ण तिला परत मिळाले. अधिकृत निकालात चीनची ली झेनझू दुसरी, ९:३५.२३, ललिता तिसरी, ९:३५.३७; सुधा चौथी, ९:३५.६४. रौप्य ०.१४ सेकंदाने हुकले. त्याहून वाईट सुधाचे झाले: काही काळ तिच्या नावावर असलेले पदक गेले, आणि तिचा ९:४७.७० हा जुना राष्ट्रीय विक्रम दोघींनी मिळून मोडला असला तरी नाव लागले ललिताचे.

माझ्या मते ललिताची कारकीर्द समजून घ्यायची, तर सुधाचा रकाना शेजारी ठेवल्याशिवाय ती कळत नाही. रायबरेलीची सुधा या शर्यतीत आधीपासून होती. २०१० चे ग्वांगझूचे आशियाई सुवर्ण तिचे. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह या दोघींचेही प्रशिक्षक. इंचॉननंतर ललिताने विक्रम आणखी तीनदा खाली आणला: जून २०१५ मध्ये वुहानला आशियाई सुवर्ण जिंकताना ९:३४.१३, ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९:२७.८६, एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत ९:२७.०९. पुढच्याच महिन्यात शांघायला सुधाने ९:२६.५५ नोंदवून तो आपल्याकडे ओढला. तीन महिन्यांनी, १३ ऑगस्टला, रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ललिता ९:१९.७६ धावली. त्याच दिवशी सुधाची वेळ ९:४३.२९ होती. तेवीस महिन्यांच्या आत साडेपंधरा सेकंदांहून अधिक सुधारणा झाली ती अशी. दुष्काळापेक्षा या शेजारच्या नावाचा हात मला त्यात जास्त दिसतो.

रिओत ती आपल्या फेरीत चौथी आली आणि वेळेच्या जोरावर अंतिम फेरीत गेली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची, म्हणजे १९८४ नंतरची, ती पहिली भारतीय स्त्री. १५ ऑगस्टला अठरा जणींच्या अंतिम शर्यतीत ती दहावी आली, ९:२२.७४. सुवर्ण जेबेटलाच, ८:५९.७५. सातवी आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या मॅडलिन हिल्सची वेळ होती ९:२०.३८, म्हणजे ललिताच्या दोनच दिवसांपूर्वीच्या वेळेपेक्षा संथ. यावरून ‘सातवी आली असती’ असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. शर्यत वेळेशी नसते, माणसांशी असते. पण बीजिंगलाही हेच घडले होते. विक्रम प्राथमिक फेरीत, आणि दोन दिवसांनी अंतिम शर्यतीत ९:२९.६४, आठवा क्रमांक. दोन्ही वेळा तिने अंतिम फेरी गाठण्यासाठीच सगळे पणाला लावले होते, असे हे आकडे सुचवतात. बाकीच्या काही जणींना तेवढी गरज नव्हती.

रिओच्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. रिओनंतर तिची वेळ पुन्हा सुधारली नाही. २०१७ मध्ये भुवनेश्वरला आशियाई विजेतेपद सुधाकडे गेले. पुढे ललिता राज्याच्या महसूल सेवेत अधिकारी झाली.

९:१९.७६ हा विक्रम सात वर्षे टिकला. २७ ऑगस्ट २०२३ रोजी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मेरठच्या पारुल चौधरीने ९:१५.३१ अशी वेळ नोंदवून तो मोडला, आणि तोही अंतिम शर्यतीत. क्रमांक मात्र अकरावा. बीजिंगला ९:२९ ला आठवे स्थान मिळाले होते, रिओत ९:२२ ला दहावे.