मुंबईच्या प्लेगचा एक आलेख



यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आपल्या कार्यवाहांचा आग्रह झाला. दरवर्षी मी "आम्ही रूळ तपासणारी माणसे, लेख कसला लिहिणार" असे म्हणून सुटका करून घेत असे. या वेळी मात्र एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळत होता. विषय गणिताचा आहे, पण वाचकांनी घाबरू नये. मी स्वतः डिप्लोमावाला. तिसऱ्या सेमिस्टरला डिफरन्शियल इक्वेशनमध्ये जेमतेम काठावर पास झालेलो. तेव्हा समीकरण एकही लिहिणार नाही.

सुरुवात झाली २०२० च्या एप्रिलमध्ये. लॉकडाऊनमुळे माझा भाचा आमच्याकडे सिकंदराबादलाच अडकला होता. तो स्टॅटिस्टिक्स शिकत होता. एके रात्री ड्यूटीवरून येऊन आंघोळ करून बसलो, तर म्हणाला, "मामा, हे बघा, यात आपली मुंबई आहे." त्याने दाखवलेल्या पानावर एक आलेख होता. घंटेच्या आकाराची एक रेषा आणि तिच्या आसपास ठिपके. खाली लिहिले होते, मुंबई बेटावरील प्लेगचे दर आठवड्याचे मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. साथीच्या गणिताचा पाया मानला जाणारा जो शोधनिबंध १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला, त्यातला हा आलेख. त्या दिवसांत टीव्हीवर जी "कर्व्ह सपाट करा" म्हणून रोज घोषणा चालली होती, त्या कर्व्हचे मूळ गाव आपली मुंबई निघावी, याचे मला फार नवल वाटले. मग मिळेल ते वाचत गेलो.

या गोष्टीचा पहिला धागा तर आपल्या घरापासून तीन-चार मैलांवर आहे. बेगमपेटला जुन्या विमानतळाजवळ सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाची इमारत आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी बसमधून जाताना पाहिली असेल. रॉस हे लष्करी सेवेतले डॉक्टर, जन्म अल्मोड्याचा, १८५७ सालचा. मलेरिया डासांमुळे होतो की काय, हे शोधण्यासाठी त्यांनी हुसेन खान नावाच्या एका रुग्णाला डास चावून घ्यायला बसवले. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा. मग ते डास एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली उघडायचे. ऑगस्टमधला उकाडा, आणि पंखा हलवला तर डासांचे तुकडे उडून जाणार, म्हणून पंखा बंद. कपाळावरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी दिसला. पुढचे काम त्यांनी कलकत्त्यात पक्ष्यांवर पुरे केले आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इथवर शाळेच्या पुस्तकात असते.

पुस्तकात सहसा नसते ते पुढचे. डास मारा म्हणजे मलेरिया जाईल, असे रॉस सांगू लागले तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत डास हटवण्याची मोहीम निघाली, ती फसली. सगळे डास मारणे शक्य नाही, मग खटाटोप कशाला, असा विरोधकांचा मुद्दा. रॉसना गणिताचा नाद होता. त्यांनी १९११ पर्यंत समीकरणे मांडून दाखवले की, सगळे डास मारण्याची गरजच नाही. एक रुग्ण बरा होईपर्यंत त्याच्यापासून सरासरी एकाहून कमी नवे रुग्ण तयार झाले, की साथ आपोआप आटते. मला हे आमच्या गँगवरून चटकन कळले. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक ट्रॅकमनमागे एकाहून कमी भरती होत राहिली तर कोणी गँग बंद केली नाही तरी गँग संपते. (याचा अनुभव रेल्वेतल्या मंडळींना वेगळा सांगायला नको.) थोडक्यात, एक उंबरठा असतो. डासांची संख्या त्याच्या खाली आणली की पुरे.

रॉसबरोबर १९०१ साली आफ्रिकेत सिएरा लिओनला मलेरियाच्या मोहिमेवर अँडरसन मॅक्‌केंड्रिक नावाचा एक तरुण डॉक्टर होता. त्याला गणिताची गोडी रॉसनी लावली. पुढे हे मॅक्‌केंड्रिक हिंदुस्थानात आले आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. तब्येत बिघडल्याने १९२० साली मायदेशी परतून एडिनबरोच्या एका प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. तिथे त्यांना विल्यम केरमॅक हे तरुण रसायनशास्त्रज्ञ भेटले. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात केरमॅक यांचे दोन्ही डोळे गेले. वय सव्वीस. त्यानंतरचे गणित ते मनातल्या मनात करीत. या दोघांनी मिळून तो १९२७ चा निबंध लिहिला. तेव्हा ज्या आलेखाने मुंबई जगभरच्या पुस्तकांत गेली, तो त्याच्या दोन कर्त्यांपैकी एकाला स्वतःला कधी दिसलाच नाही.

त्यांनी लोकसंख्येचे तीन भाग केले. ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि बरे होऊन किंवा मरून जे हिशेबातून गेले ते. पूर्वी समजूत अशी की, साथ थांबते ती सगळे आजारी पडून झाल्यावर, नाहीतर जंतूंचा जोर ओसरल्यावर. यांनी दाखवले की दोन्ही गरजेचे नाही. ज्यांना लागण होऊ शकते अशी माणसे विरळ झाली की साथ थांबते, आणि तरीही बरीच माणसे न लागलेली उरतात. पुन्हा तोच रॉसचा उंबरठा.

आणि उदाहरणासाठी त्यांनी मुंबईचे आकडे घेतले. प्लेग मुंबईत आला १८९६ च्या सप्टेंबरमध्ये. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. इकडे सिकंदराबादेत रॉस डास उघडत होते, त्याच ऑगस्टमध्ये तिकडे मुंबईत लोकमान्यांवरील राजद्रोहाच्या खटल्याची तयारी चालली होती. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्यात आगगाडीच्या प्रवाशांची तपासणी करण्याचा अधिकार खास लिहून ठेवला आहे. हाच कायदा सरकारने २०२० साली पुन्हा बाहेर काढला. माझी पणजी सांगे की त्यांच्या घरचे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले होते. मेलेला उंदीर दिसला की गाव सोडायचा, एवढे खेड्यातल्या माणसांना कळले होते.

त्या घंटेसारख्या रेषेचे सूत्र निबंधात दिले आहे. माथा ८९० चा, म्हणजे आठवड्याला ८९० मृत्यू, आणि तो येतो सतराव्या आठवड्यात, एप्रिल १९०६ च्या मध्याला. मी कॅल्क्युलेटर घेऊन रेषेखालचे क्षेत्रफळ काढले. सुमारे ८,९०० आले. एका वर्षाची, एका शहराची, एका मोसमाची साथ. ठिपके रेषेवर इतके छान बसतात की माझ्यासारख्या आलेख वाचणाऱ्या माणसाला समाधान वाटावे.

पण इथेच मला अडायला झाले. आमच्याकडे ट्रॅक रेकॉर्डिंग कार धावते, ती रुळाचा आलेख काढते. काही वर्षांपूर्वी माझ्या सेक्शनमधल्या एका तुकड्याचा आलेख उत्तम आला होता, मी खूश होतो. त्याच आठवड्यात थंडीत पहाटे आमच्या कीमनला तिथे रूळ तडकलेला सापडला. लाल झेंडी घेऊन तो धावला नसता तर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही. आलेख खोटा नव्हता. तो जे मोजत होता तेच दाखवत होता, एवढेच.

मुंबईच्या आलेखाचेही तसेच आहे. ते गणित माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगाचे आहे, आणि मुंबईचा गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांच्या पिसवांमधून येत होता. पॉल लुई सिमाँ यांनी हे १८९८ साली कराचीत दाखवले होते, आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने त्याची खात्री केली होती. साथ दरवर्षी ठरावीक महिन्यांत चढायची आणि उतरायची, कारण उंदीर, पिसवा आणि हवामान. केरमॅक आणि मॅक्‌केंड्रिक यांनी हे प्रामाणिकपणे निबंधातच कबूल केले होते. पण पुढे पाठ्यपुस्तकांनी आलेख घेतला आणि कबुली सोडली. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने हे सविस्तर मांडले. माझे मत विचाराल तर, या दोघा जणांचा मोठेपणा ठिपके जुळवण्यात नाही, उंबरठ्याच्या कल्पनेत आहे, आणि ती आजही टिकून आहे.

या गणितात आणखी एक गृहीत होते. सगळी माणसे जणू एकाच जनरल डब्यात आहेत, कोणीही कोणालाही भेटेल. प्रत्यक्षात आपण जाळ्यात राहतो. जाळ्याचे गणित जुने आहे. ऑयलर यांनी १७३६ साली कोनिग्सबर्ग गावच्या सात पुलांचे कोडे सोडवले तिथपासूनचे. पण १९९८-९९ च्या सुमारास वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ, तसेच बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी दाखवले की खऱ्या जाळ्यांना काही स्वभाव असतो. कुठूनही कुठेही थोड्याच टप्प्यांत जाता येते, आणि काही मोजक्या गाठींना अफाट जोडण्या असतात. रेल्वेवाल्याला हे नवीन नाही, आम्ही त्याला जंक्शन म्हणतो. कोलकात्याच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २००३ साली आपल्या भारतीय रेल्वेचेच जाळे अभ्यासले. ५८७ स्थानके आणि ५७९ गाड्या घेतल्या, आणि बहुतेक दोन स्थानकांमधला प्रवास दोन-तीन गाड्यांत उरकतो असे निघाले.

साथीच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. पास्तोर-सातोरास आणि व्हेस्पिन्यानी यांनी २००१ मध्ये कॉम्प्युटर व्हायरसचा विचार करताना दाखवले की, अशा फार मोठ्या जंक्शनांच्या जाळ्यात तो उंबरठा जवळजवळ नाहीसा होतो. रोग कितीही मंद असला तरी जंक्शनांच्या आधाराने तग धरतो. म्हणजे सरसकट थोड्याथोडक्यांना लस देऊन भागत नाही, जंक्शन असलेली माणसे शोधावी लागतात. पण ती ओळखायची कशी? २००३ साली कोहेन, हॅवलिन आणि बेन-अव्रहाम यांनी सुचवलेला उपाय मला फार आवडला. कोणालाही गाठा, त्याला त्याच्या एका ओळखीच्या माणसाचे नाव विचारा, आणि लस त्या दुसऱ्याला द्या. ज्याच्या ओळखी जास्त, त्याचे नाव जास्त वेळा निघणार. आपल्या मंडळात कोणालाही विचारून पाहा, वर्गणी गोळा करणाऱ्यांचीच नावे निघतील!

२०२० च्या २२ मार्चनंतर प्रवासी गाड्या बंद झाल्या. १८५३ पासूनच्या रेल्वेत अशी शांतता कोणी पाहिली नव्हती. मालगाड्या चालू होत्या, म्हणून आम्हीही रुळावर होतो. पहिली श्रमिक स्पेशल आपल्याच लिंगमपल्लीहून सुटली, झारखंडातल्या हटियाला. १ मे, महाराष्ट्र दिन. चोवीस डबे, बाराशेवर मजूर, एका डब्यात चोपन्न. पहाटेच्या अंधारात ती गाडी जाताना मी रुळाच्या कडेला उभा होतो. भाच्याने शिकवलेले सगळे गणित तेव्हा आठवत होते, आणि खिडकीशी दिसणारे चेहरेही दिसत होते. जाळ्याचे गणित म्हणते, गाडी थांबवा. त्या माणसांना तर घरीच जायचे होते. तेव्हा मला उत्तर देता आले नाही, आजही येत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात मी माझ्या सेक्शनच्या माणसांची नोंद ठेवत होतो. आठवड्याला किती आजारी, किती परत कामावर. सवयीने ठिपके काढले. छोटीशी घंटाच तयार झाली, मे महिन्यात माथा. रूळ तडकलेला ज्याने पकडला होता तो कीमन त्यात होता. तो परत कामावर आला नाही. भाचा म्हणाला, मामा, इतक्या थोड्या माणसांवर सूत्र बसवता येत नाही. बरोबरच आहे त्याचे. ते रजिस्टर अजून माझ्या कपाटात आहे.