गाडी घरची, सामान घरचं, मग क्लेम का अडतो? विमा पॉलिसीतल्या एका ओळीचा इतिहास

मंडळी, आजची पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या दारात पांढऱ्या पाटीची व्हॅन उभी आहे त्यांनी ती शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

मागच्या रविवारी आमच्या गल्लीतला एक मुलगा व्हॅनचं मागचं सीट काढून ओट्यावर ठेवत होता. गाडी एमएच १५ पासिंगची, घरच्या वापराची. पोराला जुन्या मोटारसायकलींचा नाद. एक राजदूत नाशिकला मिस्त्रीकडे न्यायची होती. पुढचं चाक काढून तिरकी घातली की बसते म्हणाला. पुढचा बेतही तयार होता. मालेगाव, धुळ्याकडून जुन्या गाड्या आणायच्या, मित्रांच्याही आणायच्या, ते पेट्रोलचे पैसे देतील.

मी विचारलं, "इन्शुरन्सचं काय?"

"काका, टेन्शनच नाही. फुल इन्शुरन्स आहे."

मी म्हटलं, "पॉलिसी घेऊन ये आधी."

कारण हे 'फुल इन्शुरन्स' प्रकरण आमच्या घराने भोगलं आहे. २०११ साली माझा धाकटा भाऊ घरच्या बागेतल्या द्राक्षांचे क्रेट घरच्याच व्हॅनमध्ये टाकून नाशिकला निघाला होता. दहाव्या मैलाजवळ गाडी दुभाजकावर गेली. देवाच्या कृपेने कोणाला लागलं नाही, पण गाडीचं तोंड गेलं. सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, फोटोत क्रेट आले. महिन्याभराने पत्र आलं. गाडी खासगी, वापर मालवाहतुकीचा, सबब दावा नामंजूर. भाऊ म्हणत राहिला, "अहो, माल माझा, गाडी माझी, भाडं घेतलं कोणाकडून?" कोणी ऐकलं नाही. उभ्या गाडीचे हप्ते त्याने पुढे दोन वर्षं भरले.

तेव्हा मी ही पॉलिसी पहिल्यांदा शब्दन् शब्द वाचली. मग जुने कायदे, निकाल वाचत गेलो. जे कळलं ते सांगतो.

आपल्याकडे देशभरासाठी मोटार गाड्यांचा पहिला कायदा १९१४ सालचा. त्यात विम्याची सक्ती नव्हती. गाडीखाली माणूस गेला तर त्याच्या घरच्यांनी गाडीमालकावर दिवाणी दावा लावायचा, आणि मालकाकडे पैसे नसतील तर गप्प बसायचं. ब्रिटनने १९३० साली रस्ता वाहतुकीचा कायदा करून थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. तोच विचार आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आला. पण कायदा १९३९ चा असला तरी विम्याचं प्रकरण लागू झालं १ जुलै १९४६ रोजी. मधली सात वर्षं ते कागदावरच होतं.

या १९३९ च्या कायद्यात एक गोष्ट होती, जी आज आपण विसरलो आहोत. मालवाहू गाड्यांचे दोन वर्ग होते. एक 'पब्लिक कॅरिअर', म्हणजे भाडं घेऊन लोकांचा माल वाहणारा. दुसरा 'प्रायव्हेट कॅरिअर', म्हणजे फक्त स्वतःचा किंवा स्वतःच्या धंद्याला लागणारा माल वाहणारा. दोघांचं परमिट वेगळं. जुन्या ट्रकच्या कपाळावर 'पब्लिक कॅरिअर' रंगवलेलं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. म्हणजे स्वतःचा माल नेणारा आणि भाडं मारणारा हे वेगळे आहेत, हे कायद्याला तेव्हा ठाऊक होतं आणि त्याच्याकडे त्यासाठी शब्दही होता.

त्याच काळात आपल्या रस्त्यांवर छोटी मालवाहू गाडी आली. १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेम्पोने तीन चाकांची 'हान्सीट' काढली. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीचं 'टेम्पो' हे नाव होतं, ते मराठीत असं रुजलं की आज कुठल्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो. १९६९ मध्ये मॅटाडोर आली. इकडे १९६४ पासून एचएएलचा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि ओझरला पगारदार वस्ती आली. निफाड तालुक्याचा कांदा, नंतर द्राक्षं, आग्रा रोडवरून दोन्हीकडे जाऊ लागली. ओझरच्या एकाच घरात शेतीही होती आणि नोकरीही. त्यामुळे एकच गाडी सकाळी माल नेई आणि संध्याकाळी घरच्यांना. हे आपल्याकडे पहिल्यापासून असंच आहे.

विमा कंपन्यांचा हिशोब मात्र खासगी मोटार म्हणजे साहेबाची मोटार या कल्पनेवरच चालू होता. १९७३ च्या १ जानेवारीला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, १०७ कंपन्या मिळून चार सरकारी कंपन्या झाल्या. पण कंपन्या बदलल्या तरी कलमांची भाषा फारशी बदलली नाही.

ही भाषा किती महाग पडते याचा एक जुना दाखला आपल्याच राज्यातून निघालेल्या प्रवासाचा आहे. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या एका कंपनीच्या मोटारीला अपघात झाला आणि आत बसलेले गृहस्थ गेले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, निकाल १९७७ साली लागला. मालकाची जबाबदारी न्यायालयाने मान्य केली. पण फुकट बसवलेल्या माणसासाठी विमा घेणं कायद्याने सक्तीचं नव्हतं, म्हणून विमा कंपनीचं देणं पॉलिसीत जेवढं लिहिलं होतं तेवढ्यापुरतंच राहिलं. घरच्यांनी सोळा वर्षांहून अधिक वाट पाहिली, आणि शेवटी प्रश्न आला पॉलिसीत काय छापलं आहे यावर.

१९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, जिला आपण पुढे ओमनी म्हणून ओळखू लागलो. चौकोनी डबा, सरकते दरवाजे, सीट काढलं की मागे खोलीएवढी जागा. शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, किराणा, गॅस शेगडी, सगळं त्यातून गेलं. २०१० मध्ये ईको आली, तिचंही तेच. दिसायला माणसांची गाडी, कामाला अर्धी मालाची.

पण नेमकं याच काळात कायद्याने आपला जुना शब्द टाकून दिला. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात पब्लिक आणि प्रायव्हेट कॅरिअर हा भेद गेला. मालवाहू गाडी हा एकच वर्ग उरला. त्याची व्याख्या बघा. मालासाठी बांधलेली गाडी तर मालवाहू आहेच, पण मालासाठी न बांधलेली गाडीही मालासाठी वापरली तर त्या वेळी मालवाहू ठरते. एक सवलत ठेवली आहे. मोटारीतून नेलेलं सामानसुमान आणि वैयक्तिक वस्तू यांना 'माल' म्हणायचं नाही.

गंमत अशी की विम्याच्या दरपत्रकात प्रायव्हेट कॅरिअर हा वर्ग पुढेही राहिला. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटार दरपत्रकात तो आहे. पण तो मालवाहू गाड्यांसाठी. खासगी मोटारीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' अशी एक छोटी यादी आली. भाडोत्री वापर चालणार नाही. नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूक चालणार नाही. शर्यती, वेगाच्या चाचण्या चालणार नाहीत. वाहन खरेदीविक्रीच्या धंद्याशी संबंधित वापर चालणार नाही. २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर कंपन्यांवर सोडले, पण ही यादी आजही बहुतेक पॉलिसींत जवळपास तशीच सापडते. माझ्या भावाचे क्रेट याच यादीत अडकले.

आता मूळ प्रश्न. राजदूत हे वैयक्तिक सामान की माल?

स्वतःची, स्वतःच्या नावावरची, दुरुस्तीला चाललेली एक मोटारसायकल वैयक्तिक वस्तूच आहे असं म्हणायला चांगली जागा आहे. पण समोरचा सर्व्हेअर म्हणू शकतो की शंभर किलोच्या वर वजन, सीट काढून नेलेली वस्तू, हे सामान कसलं? मित्राची गाडी पेट्रोलचे पैसे घेऊन आणली की भाडोत्री वापराचा मुद्दा निघतो. आणून विकली की धंद्याचा. म्हणजे त्या पोराच्या बेतातली पहिली फेरी बचाव करता येईल अशी होती, पुढच्या फेऱ्या थेट यादीतल्या होत्या.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. कुठे काय होतं ते वेगवेगळं समजून घ्या.

रस्त्यावरच्या माणसाला धडक बसली तर: थर्ड पार्टीला नकार देण्याची कारणं कायद्यानेच मोजकी ठेवली आहेत. स्वतःची वस्तू गाडीत होती हे त्यात नाही. परमिट नसताना भाडोत्री वापर आणि शर्यत मात्र त्यात आहेत. असं कारण सापडलं तर न्यायालय कित्येकदा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावतं आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे शेवटी घर मालकाचंच जातं.

आपल्या गाडीचं नुकसान झालं तर: इथे वापराची अट आड येते. पण सरसकट नकार हा शेवटचा शब्द नाही. २०१० साली अमलेंदू साहू यांच्या खटल्यात खासगी गाडी भाड्याने दिल्याचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने दावा पूर्ण नाकारणं चूक ठरवलं आणि 'नॉन स्टँडर्ड' निकषांच्या आधारे कंपनीला एक ठोक रक्कम द्यायला सांगितलं. वापराच्या अटीचा भंग झाला तरी मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देता येतं, असे विमा क्षेत्राचे मार्गदर्शक निकषच होते. हा निकाल भावाच्या अपघाताच्या आधीचा. आम्हाला तो माहीत असता तर आम्ही ते पत्र घेऊन घरी बसलो नसतो, ग्राहक मंचात गेलो असतो.

गाडीतली मोटारसायकल मोडली तर: व्हॅनची पॉलिसी आतल्या सामानाचं काही देत नाही. पण मोटारसायकलची स्वतःची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी नसून पूर्ण असेल, तर रस्त्याने वा रेल्वेने नेताना झालेलं नुकसान त्यात साधारणपणे धरलेलं असतं. हे फार थोड्यांना माहीत आहे.

आणि कागदपत्रांत ढिलाई नको. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात एका पिकअपचा दावा पूर्ण बुडाला, कारण तात्पुरती नोंदणी संपली होती आणि गाडी तशीच रस्त्यावर होती. सीट कायमचं काढून आत रॅक ठोकणं हाही खेळ नाही. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, असं न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

मग करायचं काय? कधीमधी स्वतःची एखादी वस्तू न्यायची असेल तर आधी कंपनीला ईमेल करा. अमुक वस्तू, माझ्या नावाची, भाडं न घेता, असं लिहा आणि उत्तर जपून ठेवा. एजंटचं तोंडी 'चालतंय हो' उपयोगाचं नाही. नेहमीचंच काम असेल तर पिवळ्या पाटीची छोटी मालवाहू गाडी घ्या. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिटही लागत नाही, नोंदणी, फिटनेस आणि विमा मात्र मालवाहूचा लागतो. एखाद दुसरी फेरी असेल तर छोटा हत्ती भाड्याने करा.

माझं म्हणणं मात्र एवढ्यावर संपत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे हजारो घरं अशी आहेत जिथे एकच गाडी माणसंही नेते आणि घरचा मालही. त्यांना भाड्याचा धंदा करायचा नाही. १९३९ च्या कायद्यात त्यांच्यासाठी एक शब्द होता, १९८८ मध्ये तो गेला आणि खासगी पॉलिसीत त्याची जागा कोणी भरली नाही. थोडा जास्त हप्ता घेऊन 'स्वतःचा माल, भाड्याविना' असं एक जोडकलम खासगी व्हॅनला का देऊ नये? विमा नियामकाने हे करावं आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी ते मागावं. शेतकरी संघटनांनी, द्राक्ष बागायतदारांनीही हा विषय घ्यायला हवा.

त्या पोराने त्या दिवशी सीट परत बसवलं. राजदूत छोट्या हत्तीतून नाशिकला गेली. कंपनीला त्याने मेल टाकला आहे, उत्तर यायचं आहे. तुमची पॉलिसी आज कपाटातून काढा आणि 'वापराच्या मर्यादा' हा परिच्छेद शोधा. वाचायला दोन मिनिटं लागतात. आम्ही तो अपघातानंतर वाचला.