झेंडूच्या बियाण्याची कहाणी



दसऱ्याला आपण दाराला झेंडूचं तोरण बांधतो. पण हे फूल मूळचं इथलं नव्हे. त्याचं माहेर मेक्सिको. तिथले अझ्टेक लोक देवकार्यात आणि औषधात ते वापरीत. सोळाव्या शतकात ते जहाजांतून युरोपात पोहोचलं आणि पुढे भारतातही रुजलं.

रानझेंडूचं फूल लहान, पाकळ्या थोड्या. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी मोठ्या, भरगच्च फुलांचंच बी धरलं, तेव्हा कुठे आजचा गोंडा घडला.

असं काम साध्या माणसालाही जमतं. अमेरिकेतल्या बर्पी या बियाणे कंपनीने १९५४ साली पांढऱ्या झेंडूसाठी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. आयोवा राज्यातल्या ॲलिस व्होंक या बाईंनी वर्षानुवर्षं फिकट फुलांचं बी निवडलं. १९७५ साली बक्षीस त्यांनीच मिळवलं!

आता आपलं पाहू. संकरित झेंडूचं बी धरू नका. पुढच्या पिढीत फुलं सरमिसळ निघतात. मात्र पुसा नारंगी, पुसा बसंती यांसारख्या सुधारित वाणांचं आणि आपल्या गावठी झेंडूचं बी जरूर राखा. एकाच झाडावर विसंबू नका. चांगल्या, निरोगी अशा पंधरा-वीस झाडांना दोरा बांधून ठेवा. फुलं झाडावरच पुरती वाळू द्या. शेजारी दुसऱ्या जातीचा झेंडू नको, कारण मधमाश्या पराग मिसळतात. गावठी वाण एकदा हातचा गेला, की दुकानात विकत मिळत नाही.